ग्राइंडिंग व्हील फ्लँज

ग्राइंडिंग व्हील फ्लँज म्हणजे ग्राइंडिंग मशीनच्या स्पिंडलवर (फिरणाऱ्या दांड्यावर) चाक धरून ठेवणारी दोन तबकड्यांची जोडी. एक तबकडी चाकाच्या आतल्या बाजूला, एक बाहेरच्या, मध्ये चाक, आणि वरून नट नाहीतर ॲलन बोल्टनं आवळलेलं. वर्कशॉपमध्ये याला कोणी नुसतं फ्लँज म्हणतं, कोणी व्हील माउंट, सरफेस ग्राइंडरवाले ॲडॅप्टर म्हणतात, आणि चाकाला तर कित्येक ठिकाणी अजूनही 'दगड'च म्हणतात. चाकाबद्दल सगळे बोलतात, ग्रेड कोणता, ग्रिट किती, कंपनी कुठली, पण ते चाक ज्याच्या जोरावर फिरतं त्या फ्लँजकडे कोणी बघत नाही, आणि माझ्या मते चाक फुटल्यावर चाकाला जितका दोष दिला जातो त्यातला बराचसा दोष फ्लँजचा नाहीतर तो बसवणाऱ्याचा असतो.

काम काय तर चाक पकडणं, पण ही पकड ड्रिल चकसारखी नाही. चाकाला चावी (दांड्याशी अडकवणारी लोखंडी पट्टी) नसते, खाच नसते, मोटरची सगळी ताकद फक्त फ्लँज आणि चाकाच्या बाजूंमधल्या घर्षणातून चाकात जाते. दुसरी गोष्ट, व्हिट्रिफाइड चाक म्हणजे ॲल्युमिना किंवा सिलिकॉन कार्बाइडचे दाणे काचेसारख्या बाँडनं भट्टीत भाजून जोडलेले, म्हणजे दाबाला भक्कम पण ताणाला आणि वाकण्याला एकदम कच्चं. चाक फिरायला लागलं की ते स्वतःच स्वतःला बाहेर ओढतं, हा ताण सगळ्यात जास्त मधल्या भोकाच्या कडेला असतो, आणि तो स्पीडच्या वर्गानं वाढतो. स्पीड दुप्पट केला तर ताण चौपट, नुसता १० टक्के वाढवला तरी ताण २१ टक्के वाढला. म्हणून चाक फुटतं तेव्हा तडा बहुतेक वेळा भोकापासून सुरू होऊन बाहेर जातो. फ्लँजची सगळी रचना एवढ्यासाठी आहे की जिथं चाक आधीच ताणात आहे त्या भोकाच्या कडेला आपल्या आवळण्याचा आणखी भार पडू नये.

हे कसं साधतात ते फ्लँज हातात घेऊन उलटा केला की लगेच दिसतं. चाकाला लागणारी बाजू पूर्ण सपाट नसते, मधला भाग थोडा खोल कापलेला असतो आणि फक्त बाहेरची एक गोल पट्टी चाकाला टेकते. दाब त्या पट्टीवर येतो, भोकाजवळ येत नाही. साधा सपाट वॉशर लावला तर तो नेमका भोकाच्या कडेवर दाबतो. नियम असा की साध्या सरळ चाकासाठी फ्लँजचा व्यास चाकाच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश पाहिजे, म्हणजे २०० मिमीच्या चाकाला साधारण ६७ मिमी आणि ३०० मिमीच्या चाकाला १०० मिमी. कट-ऑफ चाकाला एक चतुर्थांश चालतो. आणि दोन्ही बाजूंचे फ्लँज सारख्याच व्यासाचे, टेकणारी पट्टीसुद्धा दोन्हीकडे सारखीच रुंद. ही अट सगळ्यात जास्त मोडली जाते. एका बाजूला मोठा आणि दुसऱ्या बाजूला लहान फ्लँज असला तर एकीकडून बाहेरच्या गोलावर दाब येतो आणि दुसरीकडून आतल्या गोलावर, मग नट आवळला की चाक पापडासारखं वाकायला बघतं, आणि वाकणं हेच त्याला सहन होत नाही.

मी अप्रेंटिस होतो तेव्हा हे डोळ्यांनी बघितलंय. बेंच ग्राइंडर होता, २०० मिमीचं चाक, बाहेरचा फ्लँज कुठेतरी हरवलेला आणि त्याच्या जागी स्टोअरमधून आणलेला जाड वॉशर लावलेला, जेमतेम रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. कित्येक दिवस तसंच चाललं होतं त्यामुळे कोणाला काही वाटत नव्हतं. एका सकाळी नवीन चाक बसवून बटण दाबलं, चाक स्पीडला आलं आणि धाडकन आवाज झाला. तीन तुकडे, तिन्ही भोकापासून फाटलेले. दोन गार्डमध्ये अडकले, तिसरा पुढच्या उघड्या भागातून निघून समोरच्या लोखंडी कपाटात घुसला. बटण दाबणारा बाजूला उभा होता म्हणून वाचला. २०० मिमीचं चाक २८०० आरपीएमला फिरतं तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला २९ मीटर, म्हणजे ताशी जवळपास १०५ किलोमीटर असतो, तुकडा सुटला की त्याच जोरात सुटतो. त्या कपाटाच्या दाराला पडलेला खड्डा मी आजही विसरलेलो नाही, आणि तेव्हापासून कुठल्याही ग्राइंडरजवळ गेलो की माझी नजर आधी नटाखालच्या फ्लँजवर जाते.

फ्लँज आणि चाकाच्या मध्ये कागदाची चकती असते, तिला ब्लॉटर म्हणतात, आपल्याकडे पुठ्ठा किंवा नुसतं लेबल म्हणतात कारण कंपनीचं नाव, साइज आणि स्पीड त्याच्यावरच छापलेलं असतं. बरेच जण ते जाहिरातीचं लेबल समजून खरवडून काढतात, हे अजिबात करू नये. चाकाची बाजू खरखरीत असते, उंच दाणे असतात, लोखंडी फ्लँज थेट टेकवला तर दाब त्या चार उंच दाण्यांवर येईल, तो थोडासा दबणारा कागद हा दाब सगळीकडे पसरवतो आणि पकडही वाढवतो. जाडी जास्तीत जास्त ०.६ मिमीच्या आसपास, आणि तो फ्लँजची टेकणारी पट्टी पूर्ण झाकणारा पाहिजे. फाटला, कूलंटमध्ये (घासताना थंड ठेवायला सोडतात त्या पाण्यात) भिजून निघून आला तर नवीन लावायचा.

आता भोक. चाक स्पिंडलवर किंवा ॲडॅप्टरच्या गळ्यावर हातानं सहज सरकून बसलं पाहिजे, ठोकून कधीच नाही. चालताना स्पिंडल गरम होऊन फुगतो, चाक आधीच घट्ट असेल तर तो आतून चाकाला फाडायला लागतो. उलट फार ढिलं असेल तर चाक एका बाजूला बसतं आणि बॅलन्स जातो. भोक मोठं असेल तर बुश (भोक लहान करणारी नळी) घालतात, पण तो बुश चाकाच्या जाडीपेक्षा लांब नको आणि फ्लँजला टेकायला नको, नाहीतर आवळताना फ्लँज बुशवर अडकेल आणि चाक पकडलंच जाणार नाही. चाकांची भोकं ३१.७५ किंवा १२७ मिमी अशी विचित्र का असतात असं नवीन मुलं विचारतात, ती मुळात सव्वा इंच आणि पाच इंच आहेत, बाकी साइज मेट्रिक झाल्या तरी भोकं इंचातच राहिली.

आतला फ्लँज स्पिंडलवर पक्का बसवलेला असतो, चावीनं किंवा प्रेस करून, कारण चाक ओढण्याचं काम त्याचं आहे. बाहेरचा सुटा. नटाचा आटा असा असतो की स्पिंडल फिरताना नट आवळला जावा, म्हणून बेंच ग्राइंडरच्या उजव्या बाजूला उजवा आटा आणि डाव्या बाजूला डावा. हे माहीत नसलेला माणूस डावीकडचा नट सोडवायला जातो आणि जोर लावून अजून आवळून ठेवतो. यातूनच एक धोका येतो जो पुस्तकात फारसा सापडत नाही. थ्री फेज मोटर असलेल्या मशीनवर इलेक्ट्रिशियननं वायरिंगचं काम केलं आणि दोन फेज उलट जोडले गेले की स्पिंडल उलटा फिरतो, आणि मग तोच नट आपोआप सुटायला लागतो. म्हणून वायरिंगला हात लागला की चाक काढून, नुसता स्पिंडल झटका देऊन फिरवायचा, दिशा बघायची, मगच चाक चढवायचं. मशीन एकदम ब्रेक लावून थांबवणंही याच कारणानं वाईट, स्पिंडल थांबतो पण चाक आणि नट पुढं जायला बघतात.

सरफेस आणि सिलिंड्रिकल ग्राइंडरला साधी जोडी चालत नाही, तिथं ॲडॅप्टर असतो. चाक ॲडॅप्टरवर कायमचं आवळायचं आणि ॲडॅप्टरच्या आतलं टेपर, म्हणजे निमुळतं, भोक स्पिंडलच्या टेपर नाकावर बसवायचं. १:५ टेपर बऱ्याच ठिकाणी दिसतो, आयएसओ ६६६ हे अशा हब फ्लँजचंच स्टँडर्ड आहे. टेपर घट्ट बसतो त्यामुळे काढायला पुलर लागतो, हातोडी मारणं म्हणजे स्पिंडलच्या बेअरिंगवर मारणं. मोठा फायदा असा की चांगल्या टूलरूममध्ये प्रत्येक चाकाचा स्वतःचा ॲडॅप्टर असतो, पांढरं चाक काढून हिरवं लावायचं तर ॲडॅप्टरसकट बदलायचं, चाक जसं बॅलन्स केलेलं तसंच राहतं आणि ड्रेसिंगमध्ये, म्हणजे डायमंडच्या टोकानं चाक घासून गोल करण्यात, फुकट दगड जात नाही. पैसे वाचवायला एकाच ॲडॅप्टरवर चार चाकं फिरवणारे शेवटी डायमंड आणि चाक दोन्हीवर जास्त घालवतात, हे मी ठामपणे सांगतो.

ॲडॅप्टरच्या तोंडावर एक गोल खाच असते आणि तिच्यात दोन किंवा तीन छोटी वजनं सरकतात. बॅलन्सिंग करायचं तर ॲडॅप्टर मँड्रेलवर (सुट्या सरळ दांड्यावर) चढवून बॅलन्सिंग स्टँडच्या दोन समांतर पट्ट्यांवर ठेवायचा, स्टँड आधी लेव्हलमध्ये पाहिजे, वजनं काढलेली, वारा नको म्हणून पंखा बंद. चाक हळूहळू डोलत डोलत थांबतं, जड बाजू खाली येते. त्याच्या बरोबर वर खडूची खूण करायची, एक वजन तिथं लावायचं, मग उरलेली दोन दोन्हीकडे सारख्या अंतरावर ठेवून थोडी थोडी सरकवायची, तोपर्यंत की चाक कुठल्याही स्थितीत सोडलं तरी जागचं हलत नाही. मग मशीनवर चढवून डायमंडनं ड्रेस करायचं, आणि मोठं चाक असेल तर काढून पुन्हा एकदा बॅलन्स करायचं, कारण ड्रेसिंगनं गोलाई आली की वजनही बदलतं. ही दुसरी फेरी लोक वाचवतात आणि मग जॉबवर (घासायच्या वस्तूवर) बारीक लाटा आल्या की मशीनचं बेअरिंग गेलं म्हणतात.

बसवण्याआधी चाकाचा आवाज ऐकतात. चाक भोकातून बोटावर किंवा पिनवर लटकवायचं, लाकडी मुठीनं उभ्या रेषेच्या दोन्हीकडे ४५ अंशांवर, कडेपासून इंच-दोन इंच आत हलकंच टिचकवायचं, मग चाक फिरवून परत. चांगल्या व्हिट्रिफाइड चाकाचा 'टणण्' असा भांड्यासारखा आवाज येतो, तडा असेल तर मातीचं फुटकं मडकं वाजवल्यासारखा बद्द येतो. रेझिन बाँडचं चाक मुळातच कमी वाजतं आणि ओलं चाक तर वाजतच नाही, त्यामुळे कान फसू शकतो. चाकावर छापलेला आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त पाहिजे, हे बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही. फ्लँजच्या तोंडावर बोट फिरवून बर (धातूची वर आलेली धारदार कड), चिकटलेला जुना कागद, ग्रीट काही आहे का ते बघायचं. बोल्टवाला फ्लँज असेल तर आधी सगळे हातानं, मग समोरासमोरचे आळीपाळीनं थोडे थोडे, शेवटी टॉर्क रेंचनं सारखे. पान्याला पाईप घालून आवळणं हे ताकदीचं काम वाटतं पण त्यानं फ्लँज वाकतो आणि पकड उलट कमी होते. गार्ड लावून, स्वतः बाजूला उभं राहून निदान एक मिनिट पूर्ण स्पीडला रिकामं चालवायचं, मगच जॉब.

अँगल ग्राइंडरचा फ्लँज याच घराण्यातला. १०० मिमीच्या मशीनला साधारण एम१० आटा आणि १६ मिमी भोकाचं चाक, १२५ आणि १८० ला एम१४ आणि २२.२३ मिमी. पातळ कटिंग चाक आणि जाड ग्राइंडिंग चाक यांच्यासाठी नट उलटा करून लावता येतो, आणि तिथं चुकीची बाजू लावली की चाक पकडल्यासारखं दिसतं पण सैल असतं. व्हर्टिकल ग्राइंडरचे सेगमेंट (अख्ख्या चाकाऐवजी लावायचे सुटे तुकडे) चकमध्ये पाचरीनं धरतात, छोटे माउंटेड पॉइंट ३ किंवा ६ मिमी दांड्यावरच बसवलेले असतात आणि कोलेटमध्ये (दांडा आवळून धरणाऱ्या नळीत) जातात, तिथं फ्लँजचा प्रश्न नाही.

इतिहासात मागं गेलं तर इंग्लंडमध्ये शेफील्डला वालुकाश्माचे मोठे दगड लोखंडी दांड्यावर लाकडी पाचरी ठोकून बसवायचे. पाचर भोकालाच आतून रेटते, त्यामुळे दगड फुटून माणसं मरायची, पुढं दोन्ही बाजूंनी लोखंडी पाट्या आवळायची पद्धत आली आणि आजचा फ्लँज त्याच विचाराचा आहे. १८९१ ला अमेरिकेत एडवर्ड ॲचेसननं सिलिकॉन कार्बाइड शोधलं, चाकं कठीण झाली, स्पीड वाढले, आणि फ्लँजकडून अपेक्षाही वाढली. आपल्याकडे ग्राइंडवेल कंपनी १९४१ ला सुरू झाली, तिचा कारखाना उरणजवळ मोऱ्याला, आणि कार्बोरंडम युनिव्हर्सल १९५४ ची, मद्रासची. चाकांच्या सुरक्षिततेचं भारतीय स्टँडर्ड आयएस १९९१ आहे (हे साल नाही, नंबर आहे). १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम ३० मध्ये प्रत्येक ग्राइंडिंग मशीनजवळ चाकाचा जास्तीत जास्त सुरक्षित वेग, स्पिंडलचा वेग आणि पुलीचा व्यास लिहिलेली पाटी कायम लावलेली पाहिजे असा नियम होता. कितीतरी छोट्या शेडमध्ये ही पाटी नसते, असलीच तर तेलानं काळी पडलेली असते आणि ती पुसून वाचण्याजोगी ठेवणं पाच मिनिटांचं काम आहे.

फ्लँजची निगा फार नाही पण ती करावी लागते. तोंडावर पातळ निळा रंग लावून सरफेस प्लेटवर (अगदी सपाट केलेल्या जाड पाटावर) घासला की पट्टी सगळीकडे टेकते का ते कळतं. नुसती एका बाजूला टेकत असेल तर टर्निंग करून सरळ करायचा, पण एकट्याला हात लावायचा नाही, जोडीतले दोन्ही एकाच सेटिंगला, म्हणजे पट्टीची रुंदी आणि आतली खोली सारखी राहते. आणि कूलंट चालू असलेलं मशीन बंद करताना आधी कूलंट बंद करून चाक दोन-चार मिनिटं रिकामं फिरू द्यायचं, नाहीतर पाणी रात्रभर चाकाच्या खालच्या अर्ध्या भागात उतरतं आणि सकाळी सगळं बॅलन्सिंग वाया गेलेलं असतं.