फिनिश विज्ञान अकादमी (सुओमालाइनेन तिएदेआकातेमिआ)

फिनलंडमधील विद्वानांची अग्रगण्य संस्था. स्थापना १९०८, हेलसिंकी. निसर्गविज्ञाने आणि मानव्यविद्या या दोन्ही शाखांत मोलाचे संशोधन केलेल्यांना सदस्य म्हणून निवडून त्यांचा सन्मान करणे, संशोधनग्रंथ प्रसिद्ध करणे आणि तरुण अभ्यासकांना आर्थिक बळ देणे, हे तिचे मुख्य कार्य. लॅटिन नाव ‘आकादेमिआ स्किएन्तिआरुम फेन्निका’. मराठी वाचकाला हे नाव अनोळखी वाटेल. पण लहानपणी ऐकलेली भोपळ्यात बसलेल्या म्हातारीची गोष्ट ज्या कथाप्रकारात बसते, त्याचा क्रमांक या अकादमीच्या एका ग्रंथमालेत सापडतो आणि सिंधू संस्कृतीच्या मुद्रांची छायाचित्रे दुसऱ्या मालेत पाहायला मिळतात.

इंग्रजीत या संस्थेचे नाव सांगताना ‘विज्ञान आणि साहित्य’ असे दोन शब्द वापरावे लागतात. फिनिशमध्ये ‘तिएदे’ हा एकच शब्द पुरतो. ‘जाणणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचे नाते आहे आणि त्यात भौतिकी येते, तसाच इतिहास आणि व्याकरणही येते. मराठीतल्या ‘शास्त्र’ शब्दाचा पैस असाच आहे. आपण रसायनशास्त्र म्हणतो, तसेच भाषाशास्त्र आणि समाजशास्त्रही म्हणतो. त्यामुळे ध्रुवीय प्रकाशाचा (ध्रुवांजवळच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत झोतांचा) अभ्यासक आणि लोककथांचा अभ्यासक एकाच सभागृहात का बसतात, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागू नये.

नावातल्या साम्यामुळे या अकादमीची ‘सुओमेन आकातेमिआ’शी गल्लत होते. ती दुसरी संस्था सरकारी आहे आणि संशोधनाला निधी देते. दुसऱ्या महायुद्धानंतर ती बारा ‘अकादमीशियन’ मंडळींची संस्था म्हणून सुरू झाली, १९७० मध्ये तिला आजचे रूप आले आणि २०२३ पासून ती आपल्या इंग्रजी नावात ‘अकादमी’ऐवजी ‘संशोधन परिषद’ असे शब्द वापरते. फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष देतात तो ‘अकादमीशियन’ हा किताबही १९०८ च्या अकादमीच्या सदस्यत्वाहून वेगळा आहे.

भाषेचा प्रश्न आणि स्थापना

फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्याचा भाग होता. त्यानंतर १९१७ पर्यंत तो रशियन साम्राज्यातले एक स्वायत्त संस्थान (ग्रँड डची) राहिला. राज्यकर्ते बदलले तरी विद्येची आणि कारभाराची भाषा स्वीडिशच राहिली. बहुसंख्य लोक घरात, शेतात, बाजारात फिनिश बोलत. १९०० च्या सुमारास स्वीडिश मातृभाषा असलेले लोक साधारण तेरा टक्के होते. तरीही विद्यापीठात शिकायचे तर आधी स्वीडिश यावी लागे. १८२७ मध्ये तुर्कू शहर जळाले आणि पुढच्याच वर्षी तिथले विद्यापीठ हेलसिंकीला आले. तिथे १८३८ मध्ये विद्वानांची पहिली राष्ट्रीय सभा स्थापन झाली. फिनिश विज्ञान व साहित्य सभा म्हणून ती आजही कार्यरत आहे. तिचे काम मोठे होते, पण तिचे वातावरण स्वीडिश होते.

१८६३ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याने काढलेल्या फर्मानाने फिनिशला वीस वर्षांत स्वीडिशच्या बरोबरीचे स्थान द्यायचे ठरले. फिनिश माध्यमाच्या शाळा निघाल्या, त्यांतून शिकलेली पिढी विद्यापीठात पोहोचली. १९०६ मध्ये हजारो कुटुंबांनी आपली स्वीडिश आडनावे टाकून फिनिश आडनावे घेतली. त्याच वर्षी सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांना मताधिकार देणारी संसदीय सुधारणा झाली. अशा भारलेल्या काळात भाषाशास्त्रज्ञ एमिल नेस्तोर सेतॅला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये फिनिशमधून चालणारी अकादमी उभी केली.

मराठीत आपण ‘ज्ञानभाषा’ हा शब्द वारंवार वापरतो. त्या दृष्टीने या अकादमीने पहिल्या दोन-तीन वर्षांतच घेतलेली भूमिका बारकाईने पाहण्याजोगी आहे. सभा फिनिशमध्ये, कारभार फिनिशमध्ये. पण जगापर्यंत पोहोचायला हवा तो ग्रंथ जर्मनमध्ये, पुढे इंग्रजीत. भाषेचा अभिमान आणि परक्या भाषेत लिहिणे यांत त्यांना विरोध दिसला नाही. आपल्या भाषेत विचारविनिमय करणारी संस्था हाताशी असली की बाहेरच्या भाषेत लिहिणे ही गरजेपुरती सोय राहते, ही त्यांची समज होती, आणि ती योग्य ठरली.

सदस्यत्व

अकादमीचे सदस्यत्व अर्ज करून मिळत नाही. विद्यमान सदस्य नावे सुचवतात आणि तेच निवड करतात. देशांतर्गत सदस्यांच्या ३२८ जागा आहेत. त्यांपैकी १८९ गणित-निसर्गविज्ञान विभागात आणि १३९ मानव्यविद्या विभागात. वैद्यक आणि शेती-वनविद्या पहिल्या विभागात मोडतात. कायदा, धर्मविद्या आणि समाजशास्त्रे दुसऱ्यात. शिवाय परदेशी सदस्यही निवडले जातात.

यातला एक नियम विशेष चांगला आहे. सदस्याला ६५ वर्षे पूर्ण झाली की त्याची जागा रिकामी धरली जाते आणि तिथे नवा अभ्यासक येतो. मात्र जुना सदस्य तहहयात सदस्यच राहतो. त्यामुळे ज्येष्ठांना उठावे लागत नाही आणि तरुणांना कुणाच्या मृत्यूची वाट पाहावी लागत नाही. विद्वत्सभा म्हाताऱ्या होत जाण्याचा धोका सगळीकडेच असतो. त्यावर इतका सभ्य उपाय क्वचितच आढळतो.

लोककथांचे क्रमांक

अकादमीचे नाव जगभर नेले ते तिच्या लोकसाहित्याच्या ग्रंथमालेने. लोकसाहित्याचे अभ्यासक तिला नुसते ‘एफएफसी’ (फोकलोर फेलोज कम्युनिकेशन्स) म्हणून ओळखतात. १९०७ मध्ये फिनलंडचे कार्ले क्रोन, डेन्मार्कचे आक्सेल ओल्रिक आणि स्वीडनचे कार्ल विल्हेल्म फॉन सिडो यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासकांचे एक आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापले. १९१० पासून त्याची ग्रंथमाला अकादमीने छापायला घेतली. आज तिच्या पुस्तकांची संख्या तीनशेच्या पुढे गेली आहे.

मालेतले तिसरेच पुस्तक युगप्रवर्तक ठरले. आंत्ती आर्ने यांनी १९१० मध्ये जर्मनमध्ये लोककथांच्या प्रकारांची सूची प्रसिद्ध केली. त्यांनी सारख्या सांगाड्याच्या कथा एकत्र केल्या आणि प्रत्येक गटाला एक क्रमांक दिला. प्राण्यांच्या कथा सुरुवातीला, मग अद्भुत व इतर कथा, शेवटी विनोदी कथा. मधले कित्येक क्रमांक त्यांनी मुद्दाम मोकळे ठेवले. जगात अजून न नोंदलेल्या गोष्टी आहेत आणि त्या उद्या येऊन बसतील, हे त्या मोकळ्या जागांत गृहीत धरले होते. अमेरिकन अभ्यासक स्टिथ थॉम्पसन यांनी १९२८ आणि १९६१ मध्ये ही सूची वाढवली आणि जर्मनीचे हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये ती तीन खंडांत नव्याने बांधली. तिन्ही वेळा प्रकाशन याच मालेतून झाले. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे मिळून आजच्या क्रमांकांना ‘एटीयू’ म्हणतात.

हे क्रमांक कसे चालतात ते आपल्याच गोष्टीवरून पाहू. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ भेटतो. ती म्हणते, ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठमुठ्ठ होऊन येईन, मग मला खा.’ परतताना ती भोपळ्यात बसते आणि ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ म्हणत निसटू पाहते. सूचीत भोपळा महत्त्वाचा नाही, म्हातारीही नाही. ‘थांब, आधी मला लठ्ठ होऊ दे’ ही युक्ती हा गाभा, आणि त्याचा क्रमांक १२२ एफ. उत्तर भारतात हीच गोष्ट ढोलकात बसून घरंगळत जाणाऱ्या कोकराची आहे. पिंजऱ्यातल्या वाघाला ब्राह्मण सोडवतो आणि कोल्हा युक्तीने त्याला पुन्हा आत घालतो, ती गोष्ट १५५ क्रमांकाची. युरोपात त्या वाघाच्या जागी बहुधा साप असतो. भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या मौखिक कथांची स्वतंत्र सूची थॉम्पसन आणि वॉरन रॉबर्ट्स यांनी १९६० मध्ये याच मालेत दिली.

या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या अभ्यासपद्धतीला ‘फिनिश पद्धत’ किंवा ऐतिहासिक-भौगोलिक पद्धत म्हणतात. कार्ले क्रोन यांचे वडील युलिउस यांनी फिनिश लोकगीतांची गावोगावची रूपे ताडून पाहायला सुरुवात केली. १८८८ मध्ये शिडाच्या होडीच्या अपघातात ते बुडाले आणि मुलाने ती पद्धत कथांना लावली. एका कथेची शक्य तितकी रूपे गोळा करायची, नकाशावर मांडायची आणि ती कुठून कशी फिरली याचा माग काढायचा. प्रत्येक कथेचे एकच मूळ रूप असणार, ही तिच्यातली धारणा पुढे टिकली नाही. सांगणारी बाई, तिचा आवाज, ऐकणारी मुले यांना तिच्यात जागा नव्हती, हाही आक्षेप रास्त आहे. पण क्रमांक टिकले. जात्यावर किंवा शेकोटीपाशी ऐकलेली गोष्ट नोंदवून ठेवण्याच्या लायकीची आहे, असे ज्या काळी फार थोड्या विद्वानांना वाटत होते, त्या काळी एका राष्ट्रीय अकादमीने तिच्यासाठी अख्खी ग्रंथमाला चालवली, याचे मोल कमी होत नाही.

सिंधू मुद्रांचा संग्रह

हेलसिंकी विद्यापीठातील आस्को पार्पोला यांनी सिंधू लिपीच्या अभ्यासाला आयुष्य दिले. लिपी वाचण्याआधी तिचा सगळा पुरावा अभ्यासकांसमोर स्वच्छ छायाचित्रांत असला पाहिजे, या भूमिकेतून सिंधू मुद्रा व लेखांचा बृहत्संग्रह तयार झाला. भारतातील संग्रहांचा पहिला खंड जगत्पती जोशी आणि पार्पोला यांच्या संपादनाखाली १९८७ मध्ये निघाला, पाकिस्तानातील संग्रहांचा दुसरा १९९१ मध्ये. दोन्ही अकादमीच्या ‘आन्नालेस’ या मालेत. मुद्रेवर अक्षरे उलटी कोरलेली असतात आणि ठशात ती सुलटी उमटतात, म्हणून या खंडांत मुद्रा आणि तिचा ठसा दोन्हींची छायाचित्रे दिली आहेत. लिपी अजून उलगडलेली नाही. मात्र तिच्याविषयी कुणीही काहीही दावा केला, तरी तो तपासायला माणूस या खंडांकडेच वळतो.

सोदानक्युला वेधशाळा

अकादमी केवळ मान देणारी संस्था नव्हती, याचा पुरावा उत्तर फिनलंडमध्ये आहे. १९१३ मध्ये तिने लॅपलंडमधल्या सोदानक्युला गावाजवळ, कितिनेन नदीकाठी, भूचुंबकीय, म्हणजे पृथ्वीचे चुंबकत्व मोजणारी, वेधशाळा काढली. ही जागा उत्तर ध्रुववृत्ताच्याही उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर, ध्रुवीय प्रकाश वारंवार दिसणाऱ्या पट्ट्यात आहे. पहिल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात, म्हणजे १८८२ पासून, सेलिम लेमस्ट्रम यांनी याच परिसरात निरीक्षणे केली होती. वेधशाळेच्या जागेला तॅहतेला म्हणतात. ‘तॅहती’ म्हणजे तारा. पहिले प्रमुख याक्को केरॅनेन. १ जानेवारी १९१४ पासून नियमित नोंदी सुरू झाल्या.

राजधानी सोडून इतक्या लांब जाण्याचे कारण मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. हेलसिंकीत १८४४ पासून चुंबकीय मापने होत होती, पण विजेच्या ट्राम आल्या आणि त्यांच्या प्रवाहाने मापने बिघडू लागली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलवावे लागले, तोच हा प्रश्न. दोन्हीकडे मापनाच्या खोल्यांत लोखंड वर्ज्य. आत बारीक धाग्याला लोंबणारा लहानसा चुंबक, त्याला चिकटवलेला आरसा, आरशावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका आणि संथ फिरणाऱ्या नळकांड्यावर गुंडाळलेला छायाचित्रणाचा कागद. शांत दिवशी कागदावर जवळपास सरळ रेघ उमटते. आकाशात ध्रुवीय प्रकाश खेळू लागला की तीच रेघ थरथरते, उसळते. एइविंद सुक्सडोर्फ यांना १९३० च्या दशकात अशाच नोंदींत मोत्यांच्या माळेसारखी दिसणारी अतिसूक्ष्म स्पंदने सापडली. ती आजही ‘मोती स्पंदने’ याच नावाने ओळखली जातात.

१९४४ च्या शरद ऋतूत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने लॅपलंड जाळत नेले, त्यात वेधशाळाही गेली. युद्धानंतर ती तिथेच पुन्हा उभारली. १९५७ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षापासून आयनांबराची (वातावरणाच्या उंचावरच्या विद्युत्भारित थराची) मापनेही सुरू झाली. हा सगळा भार १९९७ पर्यंत अकादमीने सांभाळला. त्या वर्षी वेधशाळा ओउलू विद्यापीठाकडे गेली. युद्धामुळे पडलेला खंड सोडला तर नोंदींची साखळी शंभर वर्षांहून लांब आहे.

निधी, पारितोषिके, नियतकालिके

वाइसाला आडनावाच्या तीन भावांच्या नावाने चालणारा निधी अकादमीशी जोडलेला आहे. थोरले विल्हो हवामानशास्त्रज्ञ. फुग्याबरोबर वर जाऊन रेडिओने तापमान, दाब, आर्द्रता कळवणारे रेडिओसाँड उपकरण त्यांनी घडवले आणि ते बनवणारा कारखानाही काढला. मधले यूर्यो खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी शंभराहून अधिक लघुग्रह शोधले, आणि नुम्मेला येथील ८६४ मीटरची प्रमाणभूत आधाररेषा (अंतरमापनाची उपकरणे पडताळण्याची रेषा) त्यांच्याच प्रकाशव्यतिकरणाच्या, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळण्याच्या, पद्धतीने मोजली गेली. धाकटे काल्ले गणिती. त्यांच्या पाठ्यपुस्तकांवर फिनलंडच्या कित्येक पिढ्या शाळेत गणित शिकल्या. या निधीतून गणित, भौतिकी आणि जवळच्या शाखांत पीएचडी करणाऱ्यांना शिष्यवृत्त्या मिळतात, आणि २००० पासून वाइसाला पारितोषिक दिले जाते.

अकादमीचे गणिताचे नियतकालिक संमिश्र चलांच्या विश्लेषणात, विशेषतः क्वासिकन्फॉर्मल (आकार ठरावीक मर्यादेतच विकृत करणाऱ्या) प्रतिचित्रणांच्या अभ्यासात, दीर्घकाळ मानाचे राहिले. फिनलंडमध्ये रोल्फ नेवानलिन्ना आणि फील्ड्स पदक या गणितातल्या सर्वोच्च सन्मानांपैकी एकाचे पहिल्या वर्षीचे एक मानकरी लार्स आल्फोर्स (१९३६) यांनी या शाखेचा पाया घातला होता. २०२१ पासून हे नियतकालिक फिनिश गणित सभा नव्या नावाने चालवते.

अलीकडे अकादमीने शास्त्रीय माहिती धोरणकर्त्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम अंगावर घेतले आहे. २०१९ मध्ये ‘सोफी’ या प्रकल्पातून त्याची सुरुवात झाली.