जर्मनीत बिझनेस + टेक्नॉलॉजी मास्टर्स करायचंय? आधी सिलॅबस काढा, मग युनिव्हर्सिटी शोधा

पुण्यातून मेकॅनिकल करून जर्मनीत मॅनेजमेंट आणि टेक्नॉलॉजी असं मिक्स मास्टर्स पूर्ण केलं, तेव्हापासून ओळखीतल्या ज्युनिअर्सचे मेसेज येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, की कुठली युनिव्हर्सिटी चांगली. माझं म्हणणं असं की तो प्रश्न नंतरचा, आधी बघा तुमच्या डिग्रीत कुठले विषय होते आणि किती क्रेडिटचे होते, कारण इथे ॲडमिशन त्याच्यावरच अडतं.

म्हणजे कसं, की या कोर्सेसना बॅचलर्समध्ये इतके ईसीटीएस (म्हणजे युरोपातले क्रेडिट) मॅथ्स, इतके टेक्निकल आणि इतके इकॉनॉमिक्स-मॅनेजमेंटचे हवेत अशी अट असते आणि ती प्रत्येक ठिकाणी वेगळी. एक ईसीटीएस म्हणजे साधारण 25 ते 30 तासांचा अभ्यास, आपला चार वर्षांचा बीई साधारण 240 चा धरतात आणि तीन वर्षांची डिग्री 180 ची, आणि काही मास्टर्सना 210 लागतात, त्यामुळे बीकॉम, बीबीए, बीसीएवाल्यांनी हे सगळ्यात आधी तपासा. नावावर तर अजिबात जाऊ नका. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत, म्हणजे टीयूएममध्येच, मास्टर इन मॅनेजमेंट हा इंजिनिअरिंग किंवा सायन्सवाल्यांसाठी आहे आणि मॅनेजमेंट अँड टेक्नॉलॉजीला बॅचलर्समध्येच मॅनेजमेंट झालेलं असावं लागतं, नाव वाचून मात्र कोणालाही उलटंच वाटेल!

म्हणून कॉलेजमधून अधिकृत सिलॅबस घ्या आणि त्यावरून मॉड्यूल डिस्क्रिप्शन बनवा, विषय, तास, क्रेडिट, आत काय शिकवलं ते. ऑपरेशन्स रिसर्च, इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स, प्रोजेक्ट मॅनेजमेंट असले विषय आपण साइड विषय म्हणून सोडून देतो, पण इथे तेच कामाला येतात, ऑपरेशन्स रिसर्च कुठे मॅथ्समध्ये धरतात कुठे मॅनेजमेंटमध्ये.

मार्कांचं गणित पण समजून घ्या. जर्मन स्केलला 1 सगळ्यात चांगला आणि 4 म्हणजे जेमतेम पास. फॉर्म्युला असा, की कमाल ग्रेडमधून तुमचा ग्रेड वजा करायचा, त्याला कमाल वजा पासिंगने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. 10 पैकी 8 सीजीपीए आणि पासिंग 4 असेल तर 2.0 येतो, तेच पासिंग 5 धरलं तर 2.2, आणि जिथे कटऑफ 2.0 असतो तिथे हा फरक महागात पडतो. तेव्हा ट्रान्सक्रिप्टवर पासिंग ग्रेड स्पष्ट छापलेला आहे ना ते बघून घ्या.

आता एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत याचा जर्मन दूतावासाच्या विभागाने दिलेला दाखला. नोव्हेंबर 2022 पासून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना हे लागतंच, याच्याशिवाय व्हिसा नाही. फी 18,000 रुपये, ऑनलाइन फॉर्म भरायचा आणि दहावी, बारावी, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, डिग्री, पासपोर्ट यांच्या कॉपी दिल्लीला पाठवायच्या. वेळ लागतो, आणि दहावीच्या मार्कशीटवर, डिग्रीवर आणि पासपोर्टवर नाव वेगवेगळं असेल (आपल्याकडे वडिलांचं नाव आणि आडनाव मागेपुढे होतं, मुलींचं लग्नानंतर बदलतं) तर ते आधी निस्तरा.

अर्ज काही युनिव्हर्सिटी थेट घेतात, काही युनी-असिस्टमार्फत (परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणारी जर्मन संस्था), तिथे पहिल्या अर्जाला 75 युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला 30. टीयूएमसारख्या ठिकाणी अर्ज थेट पण व्हीपीडी नावाचा कागद (तुमची डिग्री आणि जर्मन स्केलवरचा ग्रेड तपासून दिलेला) युनी-असिस्टकडून आणावा लागतो. विंटर सेमिस्टरच्या तारखा बऱ्याच ठिकाणी 31 मे किंवा 15 जुलै, काहींच्या मार्चमध्येच संपतात. सोबत सीव्ही, मोटिव्हेशन लेटर, आयईएल्ट्स किंवा टोफेल, कुठे कुठे जीमॅट किंवा जीआरई.

"जर्मनीत शिक्षण फुकट" हे अर्धवट खरं आहे हो. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे कार्ल्सरूह वगैरे, युरोपबाहेरच्यांना 2017 पासून सेमिस्टरला 1500 युरो ट्यूशन फी आहे, टीयूएमने 2024 च्या विंटरपासून मास्टर्सला ती सेमिस्टरला 4000 किंवा 6000 केलीये. बाकी बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही, फक्त थोडी सेमिस्टर फी. पण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, पैसे तुमचेच, तिथे गेल्यावर महिन्याला 992 सुटतात. घरच्यांशी या आकड्यावर आधीच मोकळं बोला, ॲडमिशन लेटर हातात आल्यावर धावाधाव करून कर्ज काढू नका.

व्हिसासाठी ॲडमिशन लेटर, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटचं कन्फर्मेशन, हेल्थ इन्शुरन्स, भाषेचं सर्टिफिकेट, मार्कशीट, मोटिव्हेशन लेटर आणि 75 युरो फी. इन्शुरन्स शक्यतो जर्मनीतला सरकारी घ्या, तिशीच्या आत स्टुडंट रेट मिळतो.

अभ्यासाबद्दल एवढंच सांगते, की इंजिनिअरला अकाउंटिंग जड जातं पण जमतं, खरा कस थिसिसला लागतो, ती बऱ्याचदा 30 ईसीटीएसची असते आणि खूप जण कंपनीत करतात. कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी ती कंपनी शोधताना जर्मन लागतंच, निदान बी1 (मधली पातळी) तरी भारतातूनच करून या. शिकताना वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं आणि डिग्रीनंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परमिट मिळतो, त्यात जर्मन येणाऱ्यांना इंटरव्ह्यू कितीतरी जास्त येतात हे मी माझ्याच बॅचमध्ये पाहिलंय.