वादळात खिडकी उघडायची का?

मे महिन्यात अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली की एक सल्ला मोबाइलवर फिरायला लागतो. वादळ येताना खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, आतला-बाहेरचा दाब सारखा होईल आणि छप्पर वाचेल, असं त्यात सांगितलेलं असतं. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण हा सल्ला पाळला तर छप्पर जाण्याची शक्यता उलट वाढते.

आधी दाबाचं बघू. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. त्याच्या केंद्रातला दाब आजूबाजूच्या मानाने साधारण २० हेक्टोपास्कलने (हे हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होता. खंडाळ्याचा घाट चढताना दाब याच्या जवळपास तिप्पट उतरतो. कानाला दडे बसतात, पण काचा बंद असलेल्या गाडीचं काहीही होत नाही. दाब हळूहळू उतरतो आणि हवा फटींमधून बाहेर पडत राहते. कौलारू घरात तर फटींना तोटा नाही. आतल्या कोंडलेल्या दाबाने घर फुटतं, ही समजूत इथेच निकालात निघते.

छप्पर जातं ते वाऱ्याने वर उचलल्यामुळे. वारा भिंतीवर आदळतो, वाट न मिळाल्याने वर चढतो आणि वळचणीच्या कडेपाशी त्याला एकदम वळावं लागतं. त्या वेगात त्याला छपराला चिकटून वळता येत नाही. तो कडेपासून सुटतो आणि त्याच्याखाली, पत्र्याच्या लगेच वर, भोवऱ्यांनी भरलेला कमी दाबाचा पट्टा तयार होतो. वारा तिरका आला तर कोपऱ्यातून दोन पिळदार भोवरे निघतात आणि तिथलं शोषण सगळ्यात जास्त असतं. म्हणून पत्रे मधून सहसा सुटत नाहीत, कोपऱ्यातून सुटतात. पडवीचं छप्पर पुढे आलेलं असेल तर खालूनही हवा ढकलते. वरून ओढ आणि खालून रेटा.

थोडा हिशेब करू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. वेग मीटर प्रति सेकंदात घेतला की उत्तर पास्कलमध्ये मिळतं. 'निसर्ग'चा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, म्हणजे साधारण ६७० पास्कल, म्हणजेच दर चौरस मीटरला ६८ किलो वजनाएवढा जोर. कोपऱ्यावरचं शोषण याच्या दीडपट ते दुप्पट होऊ शकतं. आता वाऱ्याच्या तोंडाची खिडकी उघडी असेल तर हवा आत शिरते, पण तितकी बाहेर पडत नाही. घर फुग्यासारखं भरतं आणि मूळ जोराच्या ०.७ पटीच्या आसपास रेटा छताला आतून बसतो. दोन्ही मिळून कोपऱ्यावर दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या पुढे. सिमेंटच्या पत्र्याचं वजन तेवढ्या जागेत १२-१५ किलो भरतं. वर ठेवलेले जांभ्याचे चिरे हा जोर पेलत नाहीत, आणि घसरले तर खालच्या माणसाच्या डोक्यात पडतात.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकावर ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू वादळ आलं, तेव्हा अनेक घरांत आधी गॅरेजचं रुंद दार आत वाकलं आणि मग छप्पर गेलं. क्रम तोच.

मागची खिडकी उघडली तर? वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, डोक्यावर आला की वारा काही वेळ पडतो आणि मग उलट्या दिशेने येतो. मघाची मागची खिडकी आता वाऱ्याच्या तोंडाला असते. म्हणून सगळ्या खिडक्या बंद, बाहेरून प्लायवूड, आणि खोल्यांमधली दारंसुद्धा लावलेली. काचेवर चिकटपट्टीची फुली मारून काच मजबूत होत नाही.

'निसर्ग'नंतरचा पावसाळा संपल्यावर मी श्रीवर्धन तालुक्यात एका नातेवाइकांकडे गेलो होतो. वाडीतल्या रोठा सुपारीची खोडं आडवी झालेली होती. पडवीचा लोखंडी पाइप मात्र जागेवर, त्यावर पत्रा धरणारे इंग्रजी जे आकाराचे जे-हुक जागेवर, हुकाला वायसर (नटाखालची चकती) आणि नटही जागेवर. वायसरखाली रुपयाएवढा पत्र्याचा तुकडा अडकून राहिला होता, बाकीचा पत्रा भोकाभोवती फाटून गेला होता. शेजारचं घर शाबूत होतं. गावात कोणी याला वास्तुदोष म्हणत होतं, आणि शांतीसाठी पैसेही जमवले जात होते. मला याचं फार वाईट वाटलं. शेजाऱ्याने कडेच्या ओळीत हुक दाट मारले होते आणि वायसर रुंद वापरले होते. शांतीचे पैसे त्या कामी यायला हवे होते.

वादळानंतर पडलेल्या तारेला हात लावू नका, जनरेटर घरात चालवू नका, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्याशिवाय पाणी पिऊ नका. पंचनाम्याआधी फोटो काढा. आणि पत्रे भंगारात देण्यापूर्वी ते कुठे सुटले ते बघा. भोकाशी फाटले असतील तर वायसर रुंद आणि हुक दाट हवेत. हुक सरळ झाला असेल तर हुक जाड हवा. पाइपासकट गेले असतील तर कैची (छपराचा आधाराचा सांगाडा) भिंतीला पट्टीने बांधलेली नव्हती.