अत्याचारग्रस्त मुलांसाठीचा सरकारी पैसा: कुठून आला, कुठे अडतो

1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचे प्रकरण पुढे आले. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. देशभर संताप उसळला आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या बदलात पुराव्याचा आणि शिक्षेचा विचार होता, पण मुलीचे उपचार, शिक्षण, घरखर्च यांसाठी एका रुपयाचीही तरतूद नव्हती. पुढची पंचवीस वर्षे हीच स्थिती राहिली.

पैशाची पहिली वाट 31 डिसेंबर 2009 रोजी उघडली. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 357 अ लागू झाले आणि पीडितांना भरपाई देण्याची योजना आखणे राज्यांवर बंधनकारक झाले. त्याच सुमारास केंद्राची एकात्मिक बाल संरक्षण योजना आली, तिच्यातून जिल्हा बाल संरक्षण कक्ष उभे राहिले. आज ती ‘मिशन वात्सल्य’ आहे आणि महाराष्ट्रात तिचा खर्च केंद्र व राज्य 60:40 असा उचलतात. भरपाई विधी सेवा प्राधिकरणाकडे (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा), बाल संरक्षण महिला व बालविकास विभागाकडे. मूल एकच, पण त्याच्यासाठीचा पैसा सुरुवातीपासूनच दोन दारांत वाटला गेला. आजच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथे आहे.

14 नोव्हेंबर 2012 रोजी पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीचा कायदा, लागू झाला. 2 ऑक्टोबर 2013 पासून पीडितांना आर्थिक मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना आली. तेव्हा मदत 2 लाख, विशेष प्रकरणी 3 लाख होती. 2017 मध्ये कमाल रक्कम 10 लाखांवर गेली आणि काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आले. 2018 च्या राष्ट्रीय भरपाई योजनेनुसार बालकाच्या भरपाईतले 80 टक्के मुदत ठेवीत जातात आणि मूल सज्ञान झाल्यावरच मिळतात. शिक्षण किंवा उपचारासाठी आधी काढायचे तर प्राधिकरणाची परवानगी लागते. आरोपी बाप किंवा काका असेल, तर पालक म्हणून खात्यावर कोणाचे नाव आहे हे आधी तपासावे. तिथे आरोपीचेच नाव राहिले, तर ती चूक फार महाग पडते.

पण भरपाई येईपर्यंतच्या दिवसांचे काय? भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब, धारणीहून अमरावती जवळपास तेवढीच. तपासणी, जबाब, बालकल्याण समितीपुढची (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) हजेरी अशा प्रत्येक खेपेला आईची मजुरी बुडते. कापूस वेचणीच्या दिवसांत तर नुकसान मोठे. 2020 च्या पोक्सो नियमांतला नियम 8 नेमका यासाठी आहे. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी ही समिती विशेष मदतीची शिफारस करते आणि शिफारस मिळाल्यापासून आठवड्याच्या आत पैसे द्यायचे असतात. अडचण अशी की शिफारस तोंडी राहिली की बिल कोणत्या खर्चाच्या शीर्षाखाली टाकायचे यावरच फाईल थांबते. म्हणून लेखी आदेश त्याच दिवशी मागावा, त्यात रक्कम आणि कारण नमूद करून घ्यावे व पोचेची प्रत जवळ ठेवावी.

दुभाष्याचा खर्चही याच नियमांत बसतो. माडिया, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाचा जबाब मराठीत उतरवला की तपशील गळतो आणि उलटतपासणीत नेमके तेच अंगावर येते. दुभाषी आणि साहाय्यक व्यक्ती (खटल्यात मुलाला सोबत व आधार देणारी) यांना कुशल कामगाराच्या किमान वेतनाहून कमी मानधन देता येत नाही. ते बाल न्याय कायद्याच्या कलम 105 मधल्या निधीतून किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडच्या पैशातून द्यायचे असते. त्या निधीत पैसे नसले, किंवा मागच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला) न गेल्याने पुढचा हप्ता अडला, तर हक्क कागदावर राहतो आणि शेजारच्या ओळखीच्या माणसाकडून फुकट दुभाषेगिरी करून घेतली जाते. मुलाच्या गोपनीयतेला याहून मोठा धोका नाही.

उपचारांचे पैसे मात्र कोणीही मागू शकत नाही. 2013 पासून सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांवर मोफत प्रथमोपचार व उपचारांचे बंधन आहे. अंतरिम भरपाईही गुन्हा नोंदवल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर विशेष न्यायालय देऊ शकते, निकालाची वाट पाहावी लागत नाही. आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही, तरी भरपाईचा दावा मरत नाही. भरपाईचा आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत राज्याने रक्कम द्यायची असते, म्हणून आदेशाची तारीख लिहून ठेवावी आणि एकतिसाव्या दिवशी प्राधिकरणाला लेखी स्मरणपत्र द्यावे.