पुंगळीतली रिकामी जागा: रिव्हॉल्व्हरच्या सौम्य काडतुसांची पार्श्वभूमी

.38 स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या पुंगळीत, म्हणजे दारू धरणाऱ्या पितळी कोशात, नेमबाजीसाठी पिढ्यानपिढ्या भरला गेलेला दारूचा भार म्हणजे सुमारे 2.7 ग्रेन ‘बुल्सआय’ नावाची बंदुकीची दारू. एका ग्रॅमचा पाचवा भागही नाही. हीच पुंगळी मुळात सुमारे 21 ग्रेन काळी दारू मावेल अशा मापाची केलेली होती. सौम्य, म्हणजे कमी ताकदीचे, भार भरताना येणाऱ्या बहुतेक अडचणी, आणि ते तपासण्याच्या बहुतेक पद्धती, या दोन आकड्यांमधल्या फरकातून आल्या आहेत.

काळ्या दारूच्या काळात हा प्रश्न नव्हता. दारू पुंगळीत काठोकाठ भरायची आणि तिच्यावर गोळी दाबून बसवायची, अशी रीत होती. 1873 साली आलेल्या .45 कोल्टच्या पूर्ण भाराला 40 ग्रेन दारू लागे. त्यानंतर अमेरिकी लष्कराने स्मिथ अँड वेसनच्या शॉफील्ड रिव्हॉल्व्हरसाठी आखूड पुंगळीचे काडतूस घेतले. त्यात 28 ग्रेन दारू आणि 230 ग्रेनची गोळी असे, आणि ते कोल्टच्या सिलिंडरमध्येही चाले. दारू कमी झाली, पण पुंगळीही आखूड झाल्याने आत पोकळी राहिली नाही. ताकद कमी करण्याचा याहून स्वच्छ मार्ग नंतरही फारसा सापडलेला नाही. लांब पुंगळीतच काळी दारू कमी भरायची असेल, तर वर मक्याचे पीठ किंवा नमद्याची चकती घालून जागा भरावी लागे. काळी दारू आणि गोळी यांच्यात पोकळी ठेवायची नाही, हा नियम आजही पाळला जातो.

1884 मध्ये पॉल व्हिएयने फ्रान्समध्ये धूरविरहित दारू तयार केली आणि हे गणित बदलले. तिची ताकद वजनाच्या मानाने कितीतरी जास्त होती. 1898 मध्ये लॅफ्लिन अँड रँड कंपनीने पिस्तुल-रिव्हॉल्व्हरसाठी बुल्सआय बाजारात आणली. .38 स्पेशलही त्याच सुमारास, काळ्या दारूच्या मापाने आले. जुन्या रिव्हॉल्व्हरांचे सिलिंडर बदलणे शक्य नव्हते, म्हणून पुंगळ्यांची लांबी तशीच राहिली. आतली दारू मात्र तळाशी पसरलेल्या थरापुरती उरली.

नेमबाजांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे वॅडकटर गोळी. 148 ग्रेनची, सपाट तोंडाची ही शिशाची गोळी पुंगळीच्या काठापर्यंत आत जाते आणि बरीचशी पोकळी व्यापते. तिची मागची बाजू पोकळ असली, तर कमी दाबातही तिचा घेर फुगतो आणि नळीच्या खाचांत घट्ट बसतो. वेग सेकंदाला 700 ते 750 फुटांच्या आसपास. कागदी लक्ष्यावर ती गोल, स्वच्छ भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाहीत.

मॅग्नम काडतुसांनी प्रश्न पुन्हा वाढवला. 1935 च्या .357 मॅग्नमची पुंगळी .38 स्पेशलपेक्षा सुमारे 3.4 मिलिमीटर लांब केली, ती जुन्या, कमकुवत रिव्हॉल्व्हरमध्ये जाऊ नये म्हणून. 1955 च्या .44 मॅग्नमचेही .44 स्पेशलशी तेच नाते. अमेरिकी मानकांत .38 स्पेशलचा कमाल दाब प्रति चौरस इंच 17,000 पौंड, तर .357 चा 35,000. एवढ्या दाबासाठी एच110 सारख्या हळू जळणाऱ्या दारू आल्या आणि त्यांच्याबरोबर एक कडक अट आली: हा भार निर्मात्याने छापलेल्या कमाल आकड्यापेक्षा 3 टक्क्यांहून जास्त घटवायचा नाही. कमी भारात ही दारू पेटायला पुरेसा दाबच तयार होत नाही. प्रायमरच्या, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीच्या, जोराने गोळी पुंगळीतून सुटते, नळीच्या मागच्या तोंडाशी अडकते आणि मागे अर्धवट जळलेल्या दाण्यांचे पुंजके राहतात. म्हणून मॅग्नम सौम्य करायचे असेल तर हीच दारू घटवत बसू नये. लवकर पेटणारी दारू निवडावी आणि छापील तक्त्यातल्या किमान भाराच्या खाली जाऊ नये.

पोकळीचा परिणाम प्रत्यक्ष मोजता आला तो वेगमापक घरी काडतुसे भरणाऱ्याच्या आवाक्यात आल्यावर. त्यातून एक साधी चाचणी रूढ झाली. प्रत्येक फैरीआधी नळी सुरक्षित दिशेला वर करून हळू खाली आणायची, म्हणजे दारू प्रायमरकडे सरकते. दुसऱ्या मालिकेत नळी आधी खाली करून मग आडवी करायची, म्हणजे दारू गोळीकडे जाते. दोन्ही मालिकांत किमान दहा-दहा गोळ्या झाडून सरासरी आणि कमाल-किमान वेगातले अंतर पाहायचे. मोठ्या पुंगळीतल्या छोट्या भारात हा फरक सेकंदाला 100 फुटांपर्यंतही जाऊ शकतो. असा भार सरासरीवर कितीही छान दिसला तरी सोडून द्यावा. सर्वांत मंद गोळी पुढे कधीतरी नळीत थांबणार आहे.

गोळी कशाची आहे यालाही महत्त्व आहे. शिशाची गोळी कमी दाबात सरकते, तांब्याचे आवरण असलेली जास्त घासते आणि लवकर अडकते. सौम्य भारासाठी शिसेच वापरावे.

दाब अपुरा पडला की त्याच्या खुणा दिसतात. पुंगळी फुगून सिलिंडरच्या भिंतीला चिकटत नाही, म्हणून तिच्या बाहेरून काजळी चढते. पुंगळी सिलिंडरमागच्या पोलादी पाट्यावर आदळत नाही, त्यामुळे प्रायमर थोडा बाहेर राहतो आणि सिलिंडर जड फिरतो. लक्ष्यावर गोळी लागण्याची जागाही बदलते.

सौम्य भारांनी रिव्हॉल्व्हर फुटल्याच्या घटनांवर दीर्घ वाद झाला. मूठभर दारूची लहर उसळून स्फोट होतो, असा एक तर्क होता. प्रयोगशाळेत तो हुकमी घडवता आला नाही. खूप साधे कारण अधिक पटते: 2.7 ग्रेन दोनदा पडले तरी पुंगळी भरल्यासारखी दिसत नाही. तयार काडतूस तोलूनही ही चूक पकडता येत नाही, कारण मिश्र पुंगळ्यांच्या वजनातला फरकच तेवढा असतो. गोळ्या बसवण्याआधी सर्व पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या ठेवून प्रत्येकीत दिव्याने पाहणे हाच खात्रीचा उपाय. दारू मोजून टाकणाऱ्या मापकाने टाकलेले दहा भार एकत्र तोलून दहाने भागले, तर लहान भारातली चूकही दिसते.

1987 मध्ये स्थापन झालेल्या सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटीच्या, जुन्या पद्धतीच्या शस्त्रांनी होणाऱ्या स्पर्धांनी जुन्या लांब पुंगळ्या पुन्हा वापरात आणल्या आणि सौम्य भारांची मागणी वाढली. त्यासाठी आलेली ‘ट्रेल बॉस’ दारू कड्यांच्या आकाराची आहे, त्यामुळे कमी वजनात जास्त जागा व्यापते. गोळीच्या बुडापर्यंत भरलेल्या दारूचे वजन हा कमाल भार, त्याच्या 70 टक्के हा सुरुवातीचा, अशी निर्मात्याची पद्धत. ती दाबायची नाही. कडी चुरडली की जळण्याचा वेग बदलतो.

चाचणीत आवाज किंवा झटका नेहमीपेक्षा हलका जाणवला तर चाप पुन्हा ओढायचा नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून थोडे थांबावे, सिलिंडर रिकामा करावा, मग नळीत पितळी सळई घालून पाहावे. गोळी अडकलेली असेल तर सळईने हळू ठोकून काढावी. कधी ती सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतच रुतते आणि सिलिंडर उघडतच नाही. अशा वेळी पुढून ठोकून तिला आधी पुंगळीकडे ढकलावे लागते. सिलिंडरच्या त्या कप्प्यातले काडतूस झडलेलेच आहे, पण बाकीची जिवंत आहेत, म्हणून हे काम बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे सोपवणे बरे.