झिओलाइट : सांडपाण्याचे शुद्धीकरण

झिओलाइट या सच्छिद्र खनिजगटाच्या आयन-विनिमय (आयनांची म्हणजे विद्युत् भारित कणांची अदलाबदल) गुणाचा उपयोग करून सांडपाण्यातील अमोनियम, शिसे, सिझियम इ. धन आयन काढण्याची व पाणी पुन्हा वापरण्याजोगे करण्याची पद्धत.

स्वीडिश खनिजवैज्ञानिक आक्सेल फ्रेड्रिक क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये एक खनिज फुंकनळीच्या ज्योतीत तापविले, तेव्हा ते उकळल्यासारखे फुगले. त्यावरून ‘उकळणारा दगड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांपासून त्यांनी ‘झिओलाइट’ हे नाव बनविले. ते खनिज कोणते, याविषयी मतभेद आहेत. दीर्घकाळ ते स्टिल्बाइट हे झिओलाइट मानले जाई. अलीकडे उत्तर स्वीडनमधील स्वाप्पावारा येथील नमुने तपासून ते मुख्यतः स्टेलराइट हे दुसरे झिओलाइट असावे, असे मत मांडण्यात आले. दोहोंची संरचना इतकी जवळची आहे की केवळ जुन्या वर्णनावरून निवाडा होणे कठीण. तरीही प्रत्यक्ष नमुन्यांवर आधारलेले दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

आयन-विनिमयाचा अभ्यास सु. १८५० मध्ये इंग्लंडमध्ये टॉमसन व वे या संशोधकांनी खतातील अमोनिया माती कसा धरून ठेवते, या प्रश्नातून सुरू केला. सांडपाण्यातही पुढे अमोनियमच महत्त्वाचे ठरले, हा योगायोग लक्षणीय आहे.

झिओलाइटाच्या जालकात (अणूंच्या जाळीदार रचनेत) काही सिलिकॉनांच्या जागी ॲल्युमिनियम असल्याने ऋण भार उरतो. तो तोलणारे सोडियम, कॅल्शियम इ. आयन सैल असतात व पाण्यातील आयनांशी त्यांची अदलाबदल होते. क्लिनॉप्टिलोलाइट हे झिओलाइट कॅल्शियमपेक्षा अमोनियमला पसंती देते. म्हणून शहरी सांडपाण्यासाठी तेच विशेष वापरतात. मिठाच्या द्रावणातील सोडियम अमोनियमची जागा घेते व ते पुन्हा कार्यक्षम होते. मात्र याच कारणाने ते खाऱ्या पाण्यात निकामी ठरते. गोड्या पाण्यातील मत्स्यपालनात तेच पाणी फिरवून वापरण्यासाठी ते उपयोगी पडते. अमोनियमयुक्त झिओलाइट खत म्हणूनही वापरता येते. ह्यूलँडाइट या झिओलाइटाची संरचना क्लिनॉप्टिलोलाइटासारखीच असते. सिलिकॉन-ॲल्युमिनियम गुणोत्तर ४ किंवा अधिक असल्यास क्लिनॉप्टिलोलाइट म्हणावे, असा संकेत आहे. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड (१९७९) व जपानमधील फुकुशिमा (२०११) या अणुवीजकेंद्रांतील अपघातांनंतर किरणोत्सर्गी सिझियम वेगळे करण्यासाठीही झिओलाइटे वापरली गेली.

पुणे, नाशिक, जळगाव परिसरातील दख्खन बेसाल्टाच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांचे देखणे स्फटिक सापडतात; परंतु त्यांना मागणी आहे ती संग्राहकांकडून. शुद्धीकरणासाठी लागणारे क्लिनॉप्टिलोलाइट मुख्यतः ज्वालामुखी राखेच्या जाड थरांतून मिळते. औष्णिक वीजकेंद्रांतील राखेपासून कृत्रिम झिओलाइट बनविण्याचे संशोधन नागपूरच्या ‘नीरी’ (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेत झाले आहे.