आधी खडी, मग धान्य

बेळगाव-खानापूरच्या खेड्यांत 'उद्योग खात्री' म्हटलं की कोल्हापूरकडच्या पाहुण्याला वाटतं, इथं कारखाना निघालाय. ही आपली रोजगार हमीच, फक्त नाव कन्नडमधून आलेलं. पण मदत हवी तर आधी घाम गाळा, ही अट त्याहून फार जुनी आहे.

मूळ इंग्लंडमधलं. धडधाकट माणसाला फुकट दिलं की तो ऐदी होतो, हा 1834 च्या तिथल्या गरीब कायद्याचा पाया. 1876 ते 78 च्या दुष्काळात हाच संशय मुंबई इलाख्यात उतरला. तेव्हा बेळगाव जिल्हा त्याच इलाख्यात होता. खानापूरकडं पाऊस दांडगा. खरी झळ बसली पूर्वेला, अथणी-गोकाककडं. माणूस खरंच उपाशी आहे का, हे ओळखायचं कसं? गावाजवळची सरकारी दुष्काळी कामं बंद करून त्याला लांबच्या कामावर धाडायचं. गरज असेल तर चालत येईल! वर दुष्काळावर देखरेखीला सरकारनं धाडलेल्या रिचर्ड टेंपलसाहेबांनी धान्य दिवसाला एका पौंडावर आणलं, म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी, आणि वर एक आणा. त्यावर दिवसभर खडी फोडायची. लोकांनी कामावर बहिष्कार टाकला, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू लावून धरली. पुढं 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर नियमावली आली, म्हातारे-अपंग कामाच्या अटीतून वगळले गेले. बाकीच्यांना काम सुटलं नाही.

अट उलटी फिरवली ती महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी. 1965 मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, 1977 मध्ये महाराष्ट्राचा कायदा झाला: आता काम मागायचा हक्क मजुराचा, द्यायची जबाबदारी सरकारची. पण आपण 1956 लाच म्हैसूर राज्यात गेलेलो. कागलच्या मजुराला हमी, निपाणीच्या मजुराला नाही. मधलं अंतर एसटीनं तासाभराचंही नाही.

केंद्राचा 2005 चा कायदा बेळगावात दुसऱ्या टप्प्यात, 2007 मध्ये आला. त्यात वर्षाला शंभर दिवस काम होतं, आणि मागितल्यापासून पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेरोजगारी भत्ता. मागणीचा अर्ज होता नमुना 6, कन्नडमध्ये छापलेला. आमच्याकडच्या बायका तो शाळकरी पोरांकडून भरून घेत. एका पंचायतीत मी पाहिलं, अर्ज घेतला, ठेवून दिला, पोच मात्र दिली नाही. पोच नसली की ते पंधरा दिवस मोजायला सुरुवातच होत नसे.